रोझरी म्हणताना डोकं ऑफिसात असतं, मग काय करायचं?

या आठवड्याचा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, किंवा ज्यांचं नेटवर्क शेलूपाशी गेलं ते थेट बदलापूरला परत आलं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना मी जरा इकडेतिकडे जातो, ते थोडं आवरलंय. सगळं नाही.

मागच्या महिन्यात दोन मेसेज आले. एक खोपोलीच्या मुलीचा. ती लिहिते, "मी रोज लोकलमध्ये रोझरी म्हणते. पण तिसऱ्या दशकापर्यंत डोकं ऑफिसात पोचलेलं असतं. तोंड चालू, बोटं चालू, मी गायब. ही प्रार्थना झाली की पाठांतर?" दुसरा नेरळच्या मित्राचा, जो ख्रिस्ती नाही. "तुमच्यातही जपमाळ असते हे मला माहीतच नव्हतं. आमच्या आजोबांची १०८ मण्यांची आहे. तुमची कशी चालते?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी जातं, म्हणून एकच भाग. आधी नेरळकरांचं घेऊ, कारण ते सोपं आहे.

कॅथलिक लोकांची जी नेहमीची माळ असते, तिच्यात ५९ मणी असतात. गोल भागात दहा-दहा मण्यांचे पाच गट, त्यांना दशक म्हणतात. दोन दशकांच्या मध्ये एक सुटा मणी. गोलाला खाली एक छोटी शेपटी, तिच्यावर पाच मणी आणि टोकाला क्रूस. दहाच्या गटातल्या प्रत्येक मण्यावर 'नमो मारिया' ही प्रार्थना, सुट्या मण्यावर येशूने शिष्यांना शिकवलेली 'आमच्या बापा'. हिशोब करायचाच तर ५३ मण्यांवर पहिली आणि ६ मण्यांवर दुसरी. सावकाश म्हटलं तर सगळं पंधरा-वीस मिनिटांत होतं. १०८ च्या माळेत मेरुमणी ओलांडायचा नसतो, तिथून उलटं फिरायचं. इथे तसं काही नाही, गोल फिरून परत क्रूसापाशी यायचं.

गोव्यात कोकणीत या प्रार्थनेला 'तेर्स' म्हणतात. पोर्तुगीज शब्दावरून आलंय, अर्थ तिसरा हिस्सा. कारण पूर्ण रोझरी पंधरा दशकांची होती आणि एका बैठकीत पाचच म्हणायची पद्धत. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी आणखी पाच दशकांचं चिंतन सुचवलं, त्यामुळे आता पाच म्हणजे खरं तर चौथा हिस्सा. नाव बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. जुन्या कोडमधल्या व्हेरिएबलच्या नावासारखं, आता अर्थ जुळत नाही, पण हात लावायची कुणाची हिंमत नाही.

आता या पंधरा दशकांचा आकडा कुठून आला? पंधरा दाहे दीडशे. बायबलमध्ये दीडशे स्तोत्रं आहेत. मध्ययुगातल्या मठांत साधू ती सगळी म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी काय करायचं? त्यांनी दीडशे वेळा 'आमच्या बापा' म्हणायचं, पुढे दीडशे वेळा 'नमो मारिया'. म्हणजे ही माळ मुळात निरक्षरांचं स्तोत्रांचं पुस्तक होती. मला ही गोष्ट फार आवडते. ज्याच्या हातात पोथी नाही, त्याच्या हातात दोरा दिला.

पण त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे, आणि खोपोलीच्या मुलीने ही नीट ऐकावी. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात पॉल नावाचा एक संन्यासी होता. पलॅडियस नावाच्या लेखकाने त्याची हकिगत लिहून ठेवलीय. हा पॉल रोज तीनशे प्रार्थना करायचा. मोजायला मांडीवर तीनशे खडे घ्यायचा आणि एक प्रार्थना झाली की एक खडा टाकून द्यायचा. मांडी रिकामी, दिवस पूर्ण. एकदा त्याला कळलं की एका गावातली एक बाई रोज सातशे करते. झालं, माणूस खचला. तो मकारियस नावाच्या ज्येष्ठ साधूकडे गेला आणि म्हणाला, मी फार दुःखात आहे. मकारियसचं उत्तर थोडक्यात असं होतं: मी साठ वर्षं रोज शंभरच करतो, हाताने काम करून खातो, आल्यागेल्या बांधवांना भेटतो, आणि कमी केल्याबद्दल माझं मन मला खात नाही. तुझं मन तीनशे करूनही खात असेल तर एक तर त्या तू मनापासून करत नाहीस, नाहीतर तुला जास्त करता येतात आणि करत नाहीस.

सोळाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आणि प्रश्न अगदी आजचा. आपल्या फोनवर स्ट्रीक असते ना, सलग ४७ दिवस, सलग ४८ दिवस, आणि एक दिवस चुकला की पोटात गोळा येतो, तेच दुखणं. मोजायचं साधन हातात आलं की मोजणं हेच काम होऊन बसतं. खडे वापरायला मकारियसची हरकत नव्हती. त्याने फक्त खड्यांवरून नजर उचलायला लावली.

मग मोजायचंच कशाला? इथे मी माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो, एकदाच, वैतागू नका. लूप चालवताना आत्ता कितवी फेरी चालू आहे ते कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. ते डोक्यात ठेवलं तर डोक्याची तेवढी जागा त्यातच जाते. "सात झाले की आठ?" हे जोपर्यंत आठवायचंय, तोपर्यंत दुसरं काही होणार नाही. माळ हा आकडा डोक्यातून काढून बोटांत ठेवते. बोटाला कळतं की गट संपला, कारण सुटा मणी लागतो, अंतर जास्त असतं. डोळे मिटलेले चालतात, दिवे गेलेले चालतात. मोजायचं काम बोटांकडे दिलं की डोकं मोकळं.

मोकळं करून त्याचं करायचं काय, हा खरा मुद्दा. आणि बहुतेकांना रोझरी शिकवताना नेमका इथेच घोळ होतो. लहानपणी आपल्याला शब्द शिकवतात, क्रम शिकवतात, आणि मग म्हणतात झालं. प्रत्येक दशकाला एक 'रहस्य' असतं, ते जाहीर करतात, आणि लगेच गाडी सुटते. रहस्य म्हणजे कोडं नव्हे, येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग. आनंदाची रहस्यं सोमवारी आणि शनिवारी, दुःखाची मंगळवारी आणि शुक्रवारी, गौरवाची बुधवारी आणि रविवारी, प्रकाशाची गुरुवारी. ते दशक चालू असताना त्या प्रसंगात राहायचं. शब्द मागे तानपुऱ्यासारखे वाजत राहतात. तानपुऱ्याकडे लक्ष देऊन कुणी गाणं ऐकत नाही, पण तो बंद पडला तर गाणं उभं राहत नाही. १९७४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी या भक्तीवर पत्र लिहिलं, त्यातही हाच आग्रह आहे: चिंतन काढून घेतलं तर या प्रार्थनेत जीव उरत नाही.

उदाहरण घ्या. आनंदाचं दुसरं रहस्य: मरिया आपल्या नात्यातल्या अलीशिबेला भेटायला डोंगराळ मुलखात जाते. बायबलमध्ये तो प्रवास एका वाक्यात संपतो. तुम्ही कर्जतचे असाल तर तुम्हाला तो एका वाक्यात संपवायची गरज नाही. खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकरला चढलायत ना? ती वाट आठवा. एक गरोदर पोर, बरोबर कोण होतं माहीत नाही, चढ संपत नाही, घसा कोरडा. घरी काय सांगून निघाली असेल? वर पोचल्यावर दार उघडणारी बाई वयस्कर आणि तीही गरोदर. दहा मणी याच चढावर काढा. पॅलेस्टाइनचा डोंगर मी पाहिलेला नाही, माझ्याकडे गणेश घाटच आहे. १६व्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी जी साधना शिकवली तिच्यात पहिलं पाऊल हेच होतं, जागा डोळ्यांसमोर उभी करायची.

कधी कधी, रोज नाही, चित्रही विरून जातं. चढ नाही, दार नाही, शब्द चालू आहेत पण दुरून. मण्यावर बोट थांबतं आणि पुढे जावंसं वाटत नाही. ख्रिस्ती परंपरेत याला पाश्चात्त्य लोक कंटेम्प्लेशन म्हणतात, मराठीत ध्यान म्हणा, मौन म्हणा. ते आलं तर माळ तिथेच थांबवायची. दशक पूर्ण केलंच पाहिजे असा काही कायदा नाही. आणि ते ओढून आणता येत नाही. सांगतो कारण मी माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना पाहिलंय, चौथ्या दिवशी विचारतात, "अजून काही फील होत नाहीये." जिमचं असतं तसं चार दिवसांचं गणित इथे लागू नाही.

शरीराचं काय होतं याचं मात्र मोजमाप झालंय. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली 'आवे मारिया' म्हणायला लावली, एकदा 'ॐ मणि पद्मे हूँ'. दोन्ही वेळेला श्वास मिनिटाला साधारण सहापर्यंत खाली आला, आणि हृदयाच्या, रक्तदाबाच्या लयी त्याच्याशी जुळल्या. कारण गंमतशीर आहे. अर्धी प्रार्थना पुढाकार घेणारा म्हणतो, उरलेली अर्धी बाकीचे, आणि एक अख्खी प्रार्थना साधारण दहा सेकंदांच्या एका संथ श्वासात बसते. वसईत आजोळी संध्याकाळी घरातले सगळे असेच अर्धं-अर्धं म्हणायचे. आमच्या आजीने जर्नल वाचलेलं नव्हतं. २३ माणसांचा अभ्यास छोटा आहे आणि त्यातून देव सिद्ध होत नाही, हे सांगून ठेवतो. भरभर म्हणू नका एवढं मात्र त्यातून नक्की घ्या. लोकलमध्ये ठाण्याच्या आत संपवायची म्हणून पळवलेल्या रोझरीत श्वास छातीतच अडकतो.

ही माळ रायगडात आली कशी, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोर्तुगीज १५२१ मध्ये चौलला बस्तान मांडून बसले. रेवदंड्याच्या किल्ल्यात फिरलात तर पडक्या चर्चांमध्ये एक डोमिनिकन संघाचं दिसेल. जपमाळेचा जगभर प्रसार केला तो मुख्यतः याच संघाने, आणि १५६९ मध्ये तिला अधिकृत रूप देणारे पोप पायस पाचवे हेही डोमिनिकनच. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आलं, मठ ओस पडले. पलीकडे कोर्लईला मात्र आजही कॅथलिक वस्ती आहे आणि तिथे पोर्तुगीज-मराठी मिसळलेली स्वतःची बोली आहे. आपल्या बाजूला, म्हणजे घाटाच्या पायथ्याला, ही लाट आली नाही. कर्जत-खालापूरकडचे ख्रिस्ती बरेचसे रेल्वेने, कारखान्यांनी, नोकरीने आलेले. त्यामुळे आपल्याकडे एका बिल्डिंगमध्ये वसईचा कॅथलिक, नगरचा प्रोटेस्टंट आणि केरळचा ऑर्थोडॉक्स शेजारी-शेजारी सापडतात, आणि तिघांचं माळेबद्दल मत वेगळं.

ऑर्थोडॉक्स परंपरेत मणी नसून गाठी असतात. लोकरीचा दोरा, ३३, ५० किंवा १०० गाठी. प्रत्येक गाठीवर एकच छोटी प्रार्थना, येशूला प्रभू आणि देवपुत्र म्हणून हाक मारायची आणि मज पाप्यावर दया कर असं मागायचं. बस्स. १९व्या शतकात रशियात एका अनाम यात्रेकरूची कथा प्रसिद्ध झाली. त्यात गुरू त्याला जपाचा दोरा देतो आणि आधी रोज तीन हजार, मग सहा हजार, मग बारा हजार वेळा ही प्रार्थना म्हणायला सांगतो. आणि बारा हजारानंतर काय? मोजू नकोस म्हणतो. आकडा शिडीसारखा वापरला आणि काढून घेतला.

अँग्लिकनांची माळ तर माझ्या आईबाबांहूनही लहान आहे वयाने. १९८० च्या दशकात अमेरिकेत टेक्सासमध्ये काही जणांनी मिळून बनवली, ३३ मणी, सात-सातचे चार गट. स्वीडनमध्ये मार्टिन लोनेबो नावाच्या लुथरन बिशपांनी १९९० च्या दशकात १८ मण्यांचं कडं केलं, ज्यातले काही मणी निव्वळ शांततेचे आहेत, त्यांच्यावर काहीच म्हणायचं नाही. मला ही कल्पना भारी वाटते.

आता अवघड भाग. माझी आई वसईची, बाबा नगरचे. नगरची आजी माळेला हात लावत नसे. तिचं म्हणणं सरळ होतं: मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशूने स्वतःच सांगितलंय की शब्दांचा नुसता रतीब घालू नका, बापाला तुमची गरज आधीच माहीत आहे. मग तेच तेच पन्नासदा कशाला? वसईची आजी यावर वाद घालत नसे, ती माळ काढून कोपऱ्यात बसे. दोघी एकमेकींना आदराने वागवत आणि एकमेकींसाठी काळजीही करत, की ही बिचारी चुकतेय.

नगरच्या आजीचा मुद्दा मी हलका मानत नाही. पोकळ शब्द पोकळच असतात, दोऱ्यात ओवले म्हणून भरत नाहीत. पण पुन्हा पुन्हा म्हणणं आणि पोकळ म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १३६वं स्तोत्र उघडा, २६ वचनं आणि प्रत्येकाचा उत्तरार्ध तोच. गेथशेमाने बागेत अटकेच्या आधीच्या रात्री येशूने तीनदा प्रार्थना केली आणि मत्तय सांगतो की तिसऱ्यांदाही शब्द तेच होते. घाबरलेला माणूस नवीन वाक्यं बनवत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. काही वर्षांपूर्वी आईचं ऑपरेशन होतं, मोठं होतं. आत नेताना नर्सने एका प्लास्टिकच्या पिशवीत तिचं कानातलं, बांगड्या आणि रोझरी बाबांच्या हातात दिली. बाबा, म्हणजे नगरच्या आजीचे चिरंजीव, आयुष्यात माळ धरलेली नाही. अडीच तासांनी मी चहा घेऊन आलो तर पिशवी मांडीवर, रोझरी बोटांत, आणि एकेक मणी पुढे जातोय. त्यांना 'नमो मारिया' येतच नव्हती. मी नंतर विचारलं, काय म्हणत होता? म्हणाले, तेविसाव्या स्तोत्रातलं पहिलं वाक्य, तेवढंच आठवत होतं, दुसरं आठवायला गेलो की डोक्यात डॉक्टर यायचा. मग म्हणाले, "मणी असल्यामुळे पुढे काय करायचं ते कळत होतं." आई बरी आहे. बाबा अजून माळ म्हणत नाहीत. पण ते वाक्य माझ्याकडे राहिलं. माळेबद्दल मी ऐकलेल्या सगळ्या व्याख्यांत मला तेच सगळ्यात खरं वाटतं.

आणि बघा, त्यांनी नकळत जे केलं ते शिकवणारी माणसं आपल्या डोक्यावरच होती, शब्दशः. खोपोलीतून घाट चढलं की खंडाळा, लोणावळा. तिथे जेज्वीट संघाची जुनी घरं आहेत. मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेले फादर अँथनी डिमेलो यांनी आधी पुण्यात आणि मग लोणावळ्यात 'साधना' नावाची संस्था चालवली. १९७८ च्या त्यांच्या 'साधना' या पुस्तकात श्वासाचं भान, शरीराचं भान, कल्पनेतली प्रार्थना आणि ती ऑर्थोडॉक्स येशूची प्रार्थना, हे सगळं एका वहीसारखं मांडलंय. आधी बसा, श्वास बघा, मग नाव घ्या. १९८७ मध्ये ते गेले. १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या लिखाणातल्या काही भूमिका कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत असा इशारा दिला, हेही सांगायला हवं. प्रामुख्याने नंतरच्या पुस्तकांवर तो रोख होता. पुस्तक वाचणार असाल तर डोळे उघडे ठेवून वाचा, एवढंच.

पुण्यात शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे. १९७२ पासून तिथे कॅथलिक आणि अँग्लिकन संन्यासिनी एकत्र राहू लागल्या, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्यातल्या वंदना माताजी पारशी घरात जन्मलेल्या. त्यांनी पुढे नामजपावर पुस्तक लिहिलं, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही परंपरा शेजारी ठेवून. नेरळकर मित्रा, तुझ्या आजोबांची माळ आणि माझ्या आजीची माळ एकच आहे असं मी म्हणणार नाही. नाव वेगळं, गोष्ट वेगळी, आणि ज्याला हाक मारायची तो कोण याबद्दलची समजूत वेगळी. पण बोटांना काय कळतं याबद्दल ते दोघे तासभर बोलू शकले असते.

आता खोपोलीच्या मुलीला काही सरळ गोष्टी. पाचही दशकं लोकलमध्ये बसवायचा अट्टाहास सोड. कर्जत ते नेरळ एक दशक, सावकाश. गर्दीत माळ काढणं जमत नसेल तर दहा दात्यांची अंगठी मिळते, नाहीतर दहा बोटं आहेतच. फोन बॅगेत, खिशात नाही. २०१९ मध्ये एक स्मार्ट रोझरीचं कडं आलं होतं, क्रूसाची खूण केली की ॲप सुरू होणारं. बाजारात आल्या आल्या त्याच्या ॲपमध्ये सुरक्षेची भगदाड सापडली आणि पटकन बुजवलीही. कल्पना वाईट नव्हती, पण ज्या उपकरणातून डोकं बाहेर काढायचंय त्याच्याच नोटिफिकेशनने प्रार्थना सुरू करायची, हे मला पटत नाही. ऑडिओ लावून म्हणायला माझी ना नाही, सुरुवातीला सोबत होते.

आणि डोकं ऑफिसात जातं त्याचं. ते जाणारच. गेलंय हे लक्षात आलं की मागे जाऊन मणी पुन्हा म्हणू नकोस, नाहीतर दिवसभर दुसऱ्याच दशकात फिरत राहशील. ज्या मण्यावर बोट आहे तिथून पुढे. ऑफिसात कोण आठवलं? मॅनेजर? तो मणी त्याच्या नावाने. हे ऐकायला भोळसट वाटेल, पण मी करून बघितलंय. ज्याच्यावर चिडलोय त्याच्या नावाचा मणी जरा जड जातो, इतकंच. आणि एखाद्या दिवशी झोप लागली हातात माळ घेऊन, तर लागू दे.

शेवटी एक हाताने करायची गोष्ट, कारण विकत घेतलेल्या माळेपेक्षा हिचं वेगळं होतं. शेताच्या बांधाला, ओढ्याकाठी एक उंच गवत वाढतं, मक्यासारखी पानं, टोकाला करडे, गुळगुळीत, थेंबासारखे दाणे. कसई म्हणतात, रानजोंधळाही म्हणतात. इंग्रजीत त्याचं नाव ईयोबाच्या आसवांवरून पडलंय, तोच बायबलमधला ईयोब, ज्याचं सगळं गेलं. या दाण्याला मधून आपसूक भोक असतं, आतली काडी ओढली की मणी तयार. जगभर याच्या जपमाळा करतात. पावसाळा सरला की दाणे कडक आणि करडे झालेले निवडा, हिरवे घेऊ नका, ते सुरकुततात. दोन दिवस उन्हात टाका. ओवायला साधा दोरा नको, झिजतो. बाजारात मासेमारीचं तंगूस मिळतं ते घ्या. प्रत्येक दाण्यानंतर एक छोटी गाठ मारा, म्हणजे एखादा दाणा फुटला तरी बाकीचे जागेवर राहतील. दहा दाणे आणि एक वेगळा, अकरा पुरेत.

पुढच्या भागात ऐकणाऱ्यांच्या उरलेल्या प्रश्नांची उत्तरं घेतो. कुणी अकरा दाण्यांची माळ केलीच तर फोटो पाठवा.